आडनाव नोवाक, अर्थ नवखा

मंडळी, या शनिवारचा विषय एक आडनाव आहे. आपल्याकडचं नाही, पोलंडचं. आणि जर्मनीचंही. नोवाक.

'नोवाक' म्हटलं की बहुतेकांना टेनिसवाला जोकोविच आठवणार. पण तो सर्बियाचा, आणि नोवाक हे त्याचं पाळण्यातलं नाव. मी बोलतोय ते दाराच्या पाटीवरचं नोवाक. पोलंडमध्ये आज साधारण दोन लाख लोक हे आडनाव लावतात आणि देशातल्या आडनावांच्या यादीत ते एक नंबरला आहे. आपल्याकडे फॉर्मच्या नमुन्यात 'श्री. अबक' लिहितात ना, तसं तिकडे 'यान कोवाल्स्की' किंवा 'यान नोवाक' लिहितात. म्हणजे सर्वसामान्य पोलिश माणूस म्हणजे नोवाक.

आता गंमत बघा. नोवाक या शब्दाचा अर्थ आहे नवखा, नव्याने आलेला. पोलिशमधला 'नोवी' आणि आपला 'नवा' हे एकाच भाषाकुळातले दूरचे भाऊ, त्यामुळे अर्थ लावायला आपल्याला शब्दकोशही लागत नाही. म्हणजे पोलंडमधलं सगळ्यात अस्सल समजलं जाणारं आडनाव मुळात 'हा मनुष्य इथला नव्हे' अशी नोंद आहे!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. आडनाव बघून माणूस कुठला, कोणाच्या बाजूचा आणि किती अस्सल हे ठरवायची सवय वाईट आहे. ती पूर्वी कारकुनांना होती, मग पुढाऱ्यांना लागली, आणि आता ती आपण सॉफ्टवेअरला शिकवतोय. त्या सवयीविरुद्ध साक्ष द्यायला नोवाकइतका चांगला साक्षीदार मला दुसरा सापडला नाही.

तर आधी हे नाव पडलं कसं ते बघू. मध्ययुगात खेड्यातल्या माणसाला एक नाव पुरायचं. पण गावात चार यान झाले की पंचाईत. मग हा लोहार यान, तो ठेंगणा यान, आणि तो परवा आलेला यान. लोहाराला म्हणतात कोवाल, त्यावरून कोवाल्स्की, कोवालचिक वगैरे मंडळी. आणि परवा आलेला तो नोवाक. साधारण 12व्या ते 14व्या शतकात त्या भागात जंगल तोडून नवी गावं वसवण्याची मोठी लाट आली होती. राजे, सरदार आणि मठ कसायला माणसं बोलवत होते, सुरुवातीची काही वर्षं सारा माफ करत होते. माणसं शेजारच्या तालुक्यातून आली तशी जर्मनभाषक मुलखातूनही आली. त्यामुळे नवख्यांना तोटा नव्हता. एखादा नोवाक शंभर कोसांवरून आलेला असेल, एखादा ओढ्यापलीकडच्या गावातून. गावाच्या दृष्टीने दोघंही उपरेच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नोवाक हे एकाच घराण्याचं नाव नाही. शेकडो गावांनी एकमेकांना न विचारता आपापल्या नवख्याला तेच नाव दिलं. दोन वेगळ्या इनपुटमधून एकच आउटपुट यावं, त्यातला प्रकार. आपण त्याला हॅश कोलिजन म्हणतो. दोन नोवाक भेटले तर त्यांचा पूर्वज एक असेलच असं काही नाही. समान गोष्ट एवढीच, की दोघांच्याही कोणा पणजोबाच्या खापरपणजोबाला एका गावाने कधीतरी 'तू बाहेरचा' म्हणून बघितलं.

आणि हे फक्त पोलंडमध्ये झालं असंही नाही. चेक प्रजासत्ताकात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव नोवाकच, आणि पहिल्या तिनात नोवोत्नी हे आणखी एक, त्याचा अर्थही तोच. स्लोव्हेनियातही पहिला नंबर नोवाकचा. हंगेरी तर स्लाव देशही नाही, पण 2022 ते 2024 या काळात तिथे राष्ट्राध्यक्ष होत्या कातालिन नोवाक. जर्मनांनी हेच काम आपल्या भाषेत केलं आणि त्यांचा झाला नॉयमान, इंग्रजांचा न्यूमन. आपल्यापैकी ज्यांनी कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा पेपर दिलाय त्यांना फॉन नॉयमान माहीतच आहे. बुडापेस्टच्या ज्यू घरात 1903 साली जन्म, आडनाव जर्मन, शेवटी नागरिक अमेरिकेचा. त्याच्या आडनावावरून कोणी त्याचा देश ओळखून दाखवावा! (गेम थिअरीचा पाया घालणारा हा नॉयमान. आणि पुढे तीच थिअरी उत्क्रांतीला लावणाऱ्यांतला एक बिनीचा गणिती म्हणजे व्हिएन्नात जन्मलेला, हार्वर्डचा मार्टिन नोवाक. दोघांच्या आडनावाचा अर्थ एकच. योगायोग, दुसरं काही नाही.)

आता जर्मनीकडे वळू. तिथे नोवाक तीन वेगवेगळ्या वाटांनी पोचला, आणि लोकांना सहसा त्यातली एकच वाट माहीत असते.

पहिल्या वाटेत नोवाक कुठून आलाच नाही. तो आधीपासून तिथेच होता. बर्लिनच्या आग्नेयेला लुसाशिया नावाचा प्रदेश आहे, जर्मनमध्ये लाउझित्स. तिथे सोर्ब नावाचा छोटा स्लाव समाज राहतो. आज त्यांची संख्या साठ हजारांच्या आसपास सांगतात. त्यांचे पूर्वज तिथे साधारण 6व्या-7व्या शतकाच्या सुमारास आले, जर्मन सत्ता तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी. बाउत्सेन आणि कोट्टबुस या शहरांत आजही रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत असतात. सोर्ब लोकांतही नोवाक आहेत, आणि जर्मन वळण लागून त्याचंच झालं नोआक. कोट्टबुसच्या आसपास नोआक पैशाला पासरी. आता बघा, ज्यांची वस्ती तिथे जर्मनांच्या आधीची, त्यांच्यातल्या इतक्या लोकांचं आडनाव 'नवखा'. जर्मन शेजारी हे नाव ऐकून म्हणणार, 'अच्छा, पोलिश का?' आणि नोआकने दर वेळी समजावून सांगायचं, की बाबा रे, आम्ही इथलेच.

याच सोर्ब समाजात एक चित्रकार आणि लेखक होऊन गेला, मेर्चिन नोवाक-न्येखोर्न्स्की (1900 ते 1990). न्येखोर्न हे त्याचं गाव, म्हणजे आपल्या 'कर'सारखाच प्रकार. जर्मनमध्ये त्याचं नाव लिहितात मार्टिन नोवाक-नॉयमान. मराठीत करायचं तर मार्टिन नवखा-नवखा! एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना गाव गळलं आणि नवखेपण दुप्पट झालं.

दुसऱ्या वाटेत माणूस जागेवरच राहिला आणि सीमा सरकली. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन घासांत प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड गिळला. पोझनानच्या बाजूचे नोवाक घरात बसल्या बसल्या प्रशियाचे प्रजाजन झाले. मधली नेपोलियनची काही वर्षं सोडली तर हे पहिल्या महायुद्धापर्यंत चाललं. प्रशियाने 1 ऑक्टोबर 1874 पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी सुरू केली. तोपर्यंत पाद्री लॅटिनमध्ये लिहील तसं लिहायचा, एकाच माणसाची दोन स्पेलिंगं असली तरी कोणाचं अडत नव्हतं. सरकारी दप्तर आलं आणि स्पेलिंगला कायद्याचं वजन आलं. कारकुनाने जर्मन सवयीने 'के'च्या आधी 'सी' घातला तर नातवंडंसुद्धा 'सी'वाली. आज ज्याला आपण घराण्याची ओळख म्हणतो, त्यात कारकुनाच्या कानाचा वाटा किती असेल, विचार करा.

तिसरी वाट सगळ्यांना माहीत असलेली. माणसं हलली. 1870 नंतर पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हूर खोऱ्यात कोळसा आणि पोलादाचं काम जोरात सुरू झालं आणि पूर्वेच्या प्रांतांतून पोलिश बोलणारे लोक तिकडे निघाले. 1914 पर्यंत तिथे असे लोक किती होते याचे आकडे तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत दिले जातात, मोजताना कोणाकोणाला धरायचं त्यावर. लक्षात घ्या, कागदावर हे परदेशी नव्हते, प्रशियाचेच नागरिक होते. तरी बोखुममधून 1890 पासून 'विआरुस पोल्स्की' नावाचं त्यांचं वर्तमानपत्र निघत होतं, 1902 मध्ये तिथेच त्यांनी स्वतःची कामगार संघटना काढली. खाणीत काम करायला जर्मन आलंच पाहिजे असा नियम 1899 मध्ये आला, आणि सार्वजनिक सभेत दुसरी भाषा वापरण्यावर 1908 च्या कायद्याने बंधनं घातली. नागरिक तर आहेस, पण आडनाव आणि उच्चार नीट नाही. हे वाक्य कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण वाचता येत होतं.

युद्धानंतर त्यातले बरेच नव्या पोलंडमध्ये परतले, बरेच उत्तर फ्रान्सच्या खाणींत गेले. राहिलेल्यांपैकी अनेकांनी आडनावं बदलून घेतली. फ्रान्सच्या खाणपट्ट्यातल्या पोलिश घरात 1931 साली जन्मलेला रेमों कोपाशेव्स्की पुढे 'कोपा' या दोन अक्षरांत मावला आणि 1958 चा युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. जर्मनीत मात्र ही नावं हळूहळू मातीत मुरली. बर्लिनच्या कामगार वस्तीतलं एक घर रंगवताना ख्रिस्तोफर इशरवूडने आपल्या 1939 च्या पुस्तकात त्या कुटुंबाला नाव दिलं नोवाक. आणि 1981 मध्ये जर्मन टीव्हीवर ड्यूसबुर्गचा इन्स्पेक्टर शिमान्स्की आला, तो ऱ्हूरचा अगदी नमुनेदार गडी म्हणून. तोपर्यंत पोलिश आडनाव हीच त्या भागाची ओळख झाली होती.

व्हिएन्नाची कथा तशीच, फक्त तिथले नोवाक बहुतांशी बोहेमिया-मोराव्हियातून आलेले, चेक. 1900 च्या जनगणनेत एक लाखाच्या वर व्हिएन्नाकरांनी आपली रोजची भाषा चेक सांगितली होती. आणि अमेरिकेत शिकागोच्या चेक वंशाच्या घरातल्या एका मुलीला हॉलिवूडच्या स्टुडिओने सांगितलं, की हे आडनाव चालणार नाही, 'किट मार्लो' हो. ती म्हणाली आडनाव नोवाकच राहील. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'तली किम नोवाक ती. शाब्बास!

आता थोडं आपल्या धंद्याबद्दल. मागे एका प्रोजेक्टमध्ये आम्हाला एका जर्मन ग्राहकाच्या डेटाबेसमधल्या दुबार नोंदी शोधायच्या होत्या. एकच माणूस, दोनदा भरलेला, स्पेलिंग जरा वेगळं. अशा वेळी नावाच्या उच्चारावरून कोड काढणारे अल्गोरिदम वापरतात. सगळ्यात जुना साउंडेक्स, अमेरिकेत 1918 मध्ये पेटंट घेतलेला. दुसरा खास जर्मनसाठी बनवलेला कोलोन फोनेटिक्स, 1969 चा. मी सहज गंमत म्हणून नोवाकची भावंडं दोन्हींतून काढली.

साउंडेक्समध्ये 'डब्ल्यू'वाला नोवाक म्हणजे एन 200. नोआकही एन 200. पण 'व्ही'वाला चेक नोवाक झाला एन 120, कारण साउंडेक्स 'डब्ल्यू'ला मोजतच नाही आणि 'व्ही'ला मोजतो. म्हणजे साउंडेक्सच्या मते पोलिश नोवाक आणि लुसाशियाचा नोआक एक, चेक नोवाक वेगळा. कोलोनवाला जर्मन कानाने ऐकतो, त्याला 'डब्ल्यू' आणि 'व्ही' सारखेच. त्याच्याकडे दोन्ही नोवाक 634, आणि नोआक 64. म्हणजे बरोब्बर उलट! पाच अक्षरांचं नाव, दोन नावाजलेले अल्गोरिदम, आणि कोण कोणाचा भाऊ यावर एकमत नाही. त्यात बायकांच्या नावांची भर. पोलिशमध्ये कोवाल्स्कीची बायको कोवाल्स्का, पण नोवाकची बायको नोवाकच. (पूर्वी बायको नोवाकोवा आणि मुलगी नोवाकुव्ना म्हणायचे, ते आता मागे पडलं.) चेकमध्ये नोवाकची बायको नोवाकोवा, पण 2022 पासून तिथल्या बायकांना 'ओवा' न लावण्याची मोकळीक आहे. आणि जर्मनीत 1 मे 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने सोर्ब बायकांना आपल्या परंपरेप्रमाणे स्त्रीलिंगी आडनाव लावता येतं. एका देशात शेपूट काढायची मुभा मिळाली, शेजारच्या देशात लावायची. दोन्हीकडे स्वातंत्र्य वाढलं आणि आमच्या मॅचिंगचे बारा वाजले. :)

पण हे झालं नुसतं 'नाव एकच आहे का' या प्रश्नाबद्दल. यात चूक झाली तर फार तर एकाच घरी दोन कॅटलॉग जातात. खरी भानगड पुढच्या पायरीवर आहे. आडनावावरून राष्ट्रीयत्व किंवा वंश ओळखून देणाऱ्या सेवा आज सरळ विकत मिळतात. नाव पाठवा, देश आणि टक्केवारी घ्या. मार्केटिंगवाले वापरतात, संशोधक वापरतात. आणि माणसांना आडनावावरून वेगळं काढण्याचा प्रयोग जिथे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झाला, तो हाच नोवाकचा मुलूख. त्याचा निकाल काय लागला ते ज्यांना असं एपीआय कोडमध्ये घालायचंय त्यांनी वाचलंच पाहिजे.

11 जुलै 1920. पूर्व प्रशियाच्या दक्षिण भागात, म्हणजे मासुरियात, जनमत घेतलं. बहुतेक खेड्यांत पोलिशची एक बोली चालायची, आडनावं 'स्की' आणि 'अक'ने संपणारी. आडनावं मोजणाऱ्याने डोळे मिटून निकाल सांगितला असता, पोलंड. प्रत्यक्षात 97 टक्क्यांहून जास्त मतं जर्मनीकडे राहण्याच्या बाजूने पडली.

1934. गेल्झेनकिर्शेनचा शाल्क क्लब पहिल्यांदा जर्मनीचा फुटबॉल विजेता झाला. कुत्सोरा आणि शेपान ही त्यांची दोन मोठी नावं. पोलंडमधल्या क्रीडापत्राने जाहीर करून टाकलं, की जर्मन विजेतेपद पोलिश पोरांनी जिंकलं. क्लबला खुलासा करावा लागला, की आमच्या खेळाडूंचे आईबाप याच देशात जन्मलेले. दोघांची मुळं त्याच मासुरियात, जिथल्या लोकांनी चौदा वर्षांपूर्वी मत देऊन आपलं उत्तर सांगितलं होतं. पण आडनाव वाचणाऱ्याला मतपत्रिका कुठे दिसते?

मग नाझी आले. जिंकलेल्या पोलिश भागात त्यांनी 1941 मध्ये 'फोक्सलिस्ट' नावाची यादी काढली आणि माणसांना किती जर्मन यावरून चार वर्गांत टाकलं. कोणाचं घर राहील, कोणाला हाकलतील, कोणाला सैन्यात ओढतील हे त्यावर ठरायचं. गंमत म्हणावी तर (गंमत कसली!) ज्यांनी ही वर्णशुद्धी चालवली त्यांचीच आडनावं बघा. 1944 चा वॉर्साचा उठाव चिरडणाऱ्या जर्मन फौजांचा प्रमुख होता एरिक फॉन डेम बाख-झेलेव्स्की. 'झेलेव्स्की' फार स्लाव वाटतं म्हणून त्याने युद्ध चालू असतानाच नावातून ते कापून टाकलं होतं. आणि त्याच उठावात समोरच्या बाजूला कोण? वॉर्सा आणि लंडनच्या दरम्यान जीव मुठीत धरून निरोप नेणारा एक पोलिश दूत. खरं नाव झ्जिस्लाव येझिओरान्स्की, जन्म 1914 चा, आणि जन्मगाव चक्क बर्लिन. भूमिगत कामासाठी त्याने नाव घेतलं यान नोवाक. गर्दीत हरवून जायला याहून सोयीचं नाव पोलंडमध्ये नाही. ते त्याला असं चिकटलं की पुढे 1952 ते 1976 अशी चोवीस वर्षं तो रेडिओ फ्री युरोपचा पोलिश विभाग चालवत होता तेव्हाही लोकांसाठी नोवाकच होता. म्हणजे इतिहासातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पोलिश नोवाक मुळात नोवाक नव्हताच, आणि बर्लिनमध्ये जन्मलेला होता. आणि त्याचं शहर जाळणाऱ्याच्या जन्माच्या दाखल्यावर 'स्की' होतं. चालवा तुमचा अल्गोरिदम.

उलटं उदाहरणही घ्या. अॅडमिरल युझेफ उनरुग. जर्मन आडनाव, जन्म जर्मनीत, पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलात अधिकारी. 1939 मध्ये तो पोलंडकडून हेलचा किनारा लढवत होता, आणि कैदेत पडल्यावर जुने जर्मन सहकारी भेटायला आले तर दुभाषा मागायचा. 1 सप्टेंबर 1939 पासून आपण जर्मन विसरलो, असं त्याचं म्हणणं होतं.

युद्ध संपल्यावर पारडं फिरलं. पोलंडला मिळालेल्या प्रदेशांत आता जर्मन वाटणारी नावं बदलून पोलिश करायची मोहीम निघाली. आधी एका सरकारने 'स्की' काढायला लावला, मग दुसऱ्याने लावायला लावला. अशा कागदांवरून आज कोणी मूळ शोधायला निघाला तर त्याला सापडणार काय? त्या त्या वेळच्या सरकारचा मूड.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर अँगेला मर्केल घ्या. 2005 ते 2021 जर्मनीच्या चॅन्सेलर. मर्केल हे त्यांच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, माहेरचं कास्नर. दोन्ही ऐकायला ठणठणीत जर्मन. 2013 मध्ये एका चरित्रातून बाहेर आलं, की आजोबा पोझनानचे लुडविक काझ्मिएरचाक. बर्लिनला येऊन स्थायिक झाले आणि 1930 मध्ये आडनाव बदलून कास्नर केलं. एका पिढीत पोलिश खूण पुसली आणि नात देशाची प्रमुख झाली. दुसरीकडे 2008 च्या युरो स्पर्धेत 8 जूनला क्लागेनफुर्टला जर्मनीने पोलंडला 2-0 हरवलं. दोन्ही गोल पोडोल्स्कीचे, पहिल्याला पास क्लोजचा. एकाचं आडनाव पोलिश, दुसऱ्याचं जर्मन. दोघांचाही जन्म पोलंडमधला, दोघांच्याही अंगावर जर्मनीची जर्सी. आणि पोलंडचा त्या स्पर्धेतला एकमेव गोल केला ब्राझीलमध्ये जन्मलेल्या रोजेर गेरेरोने!

आता कोणी विचारेल, मग आडनावात काहीच माहिती नसते का? असते की. हजारो नोआक एका नकाशावर टाका, लुसाशिया उठून दिसेल. आजच्या जर्मनीत स्लाव मुलूख कुठे होता ते इतिहासाचं पुस्तक न उघडता कळेल. गर्दीबद्दल आडनावं चांगली साक्ष देतात. गडबड तेव्हा होते जेव्हा गर्दीची सरासरी काढून ती समोर बसलेल्या एका माणसाच्या कपाळावर चिकटवतो. आपण इंजिनिअर लोक हा फरक परीक्षेत लिहितो आणि डेटाबेसमध्ये विसरतो. 'बहुधा राष्ट्रीयत्व' असा कॉलम कोणीतरी हौसेने बनवतो. सहा महिन्यांनी 'बहुधा' गळतं, कॉलम राहतो. मग कर्ज मंजूर करणारा, भाड्याने घर देणारा, मुलाखतीला बोलावणारा तो कॉलम वाचतो आणि तो कुठून आला हे कोणालाच आठवत नाही. प्रशियाच्या कारकुनाच्या निदान हस्ताक्षरावरून त्याला शोधता तरी यायचं.

आपल्याला हे फार लांबचं वाटायला नको. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. स्टालिनने सैबेरियाकडे हाकललेली ही माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथवर पोचली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. युद्धानंतर त्यातल्या बऱ्याच जणांचं गाव सोव्हिएत युनियनमध्ये गेलं होतं, परतायला घर उरलं नव्हतं, म्हणून ते इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे पुन्हा नवखे झाले. पंचगंगेकाठच्या लोकांना त्यांची आडनावं उच्चारता येत असतील असं मला वाटत नाही. पण वॉर्सात आज वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. आडनाव न कळताही माणूस कळू शकतो, याचा याहून चांगला पुरावा काय देऊ?

आणि तरीही आपल्याकडे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न 'पूर्ण नाव काय?' हा असतो. त्यातलं पूर्ण म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात फ्लॅट बघायला जा, ऑफिसमध्ये नवीन जॉइन व्हा. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात एक लुकअप टेबल चालू होतं आणि चेहऱ्यावर निकाल दिसतो. ते टेबल डोक्यातून एका दिवसात निघणार नाही, मान्य. पण निदान ते कोडमध्ये उतरवू नका. माहिती हवी असेल तर माणसाला विचारा, नको असेल तर कॉलम काढून टाका, आणि कोणी 'डेटा आहेच तर वापरू या' म्हणालं तर मीटिंगमध्ये एकदा तरी तोंड उघडा. आपल्या हातात एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

बाकी नवखे तर आपण सगळेच कधी ना कधी असतो. पोलंडमध्ये दोन लाख लोकांनी ते पाटीवर लिहून लावलंय, इतकंच.

असो. सोमवारी रिलीज आहे, त्यामुळे पुढच्या शनिवारी लेख येईलच असं वचन देत नाही. प्रतिक्रिया जरूर कळवा. नाव लिहा, आडनाव नाही लिहिलंत तरी चालेल.